जंतूंचा पाहुणचार कसा करावा

आमच्याकडे दारात आलेल्याला चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. मग काट्याबरोबर आलेल्या जंतूंनीच काय घोडं मारलंय? ऐन लावणीत मेरेवरून जाताना वईतून पडलेला करवंदीचा काटा माझ्या टाचेत गेला आणि अख्ख्या वाडीने त्या जंतूंची अशी काही सरबराई केली की, हे अनुभवाचे चार बोल लिहिल्याशिवाय राहवेना.

पहिलं म्हणजे, पाय धुवायचा नाही. चिखल आपलाच आहे. साबण मुंबईकरांना.

वरून चुना-गूळ थापा. चुना नसला तर मशेरी. तीही नसली तर गोठा लांब नाही.

टिटॅनसच्या इंजेक्शनसाठी तालुक्याला जायचंच झालं, तर हायवेने जा. काटा वाटेतच बाहेर येईल.

आता मुख्य विधी. दाबणे! प्रत्येक वाडीत एक भाऊ असतातच. आमचे भाऊ पानाच्या डब्यातून टाचणी काढतात, लेंग्याला पुसतात आणि म्हणतात, "काय्येक होवचा नाय रे, घाण भायर काढूक होयी." टाचेवरचा टपोरा पू बघून त्यांचे डोळे असे लकाकले, जणू सुरमईच गळाला लागली. दोन्ही अंगठे लावून त्यांनी असा काही जोर केला की मला चांदण्या दिसल्या. जुलै महिन्यात. कोकणात.

भाऊ ज्याला घाण म्हणत होते ती घाण कोण, ते सांगतो. आपल्या हाडांच्या मगजात रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात. पांढऱ्या पेशींतली ही सगळ्यात मोठी फलटण. रक्तात आयुष्य फार तर दिवसभराचं. जंतूंचा सुगावा लागला की शिरेच्या भिंतीला चिकटायचं, फटीतून अंग चोरून बाहेर पडायचं, जंतू गाठायचा आणि गिळायचा. गिळल्यावर त्याच्यावर हायपोक्लोरस आम्ल सोडायचं. नाव ऐकून घाबरू नका. ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो (टाकतो, असं रजिस्टरमध्ये तरी लिहिलेलं असतं) तेव्हा पाण्यात तयार होतं तेच हे आम्ल. एवढ्यानेही भागलं नाही तर काही पेशी आपलाच डीएनए उसवून त्याचं जाळं फेकतात, खाडीत पाग टाकावा तसं. धाग्याधाग्याला जंतू मारणारी द्रव्यं. बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी हे २००४ साली दाखवून दिलं. हा पाग टाकणारा बहुधा परत घरी येत नाही. काही जंतू तर इतके बिलंदर की पाग कापायची कात्रीही बरोबर घेऊन येतात. तेवढ्यात शरीर त्या जागेभोवती कुंपण घालून घेतं, आग बाकीच्या आवाठात पसरू नये म्हणून. आत साचतात त्या बहुतांशी लढून मेलेल्या याच पेशी. त्यांचा पू. त्याची ती हिरवट झाकसुद्धा त्यांच्याच पोटातल्या, हे आम्ल बनवणाऱ्या द्रव्याची.

आणि भाऊ, तुम्ही ते कुंपण मोडलंत! बाहेर आला थेंबभर पू, बाकीचं सगळं आत ढकललंत. दुसऱ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत लाल, जांघेत अवधाण, अंगात ताप. शेवटी चिरा घ्यावा लागला. नऊ दिवस मी पडवीत पाय उशीवर ठेवून बसलो आणि भाताचा तरवा शेतात पिवळा पडत गेला.

मेचनिकोव्ह नावाचा एक रशियन माणूस १८८२ साली इटलीत मेसिनाला, असाच समुद्राकाठी राहत होता. त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचे काटे टोचले आणि रात्रभर ठेवून दिले. सकाळी बघतो तर काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा. रात्रभर त्याने दाबलं नाही, चुना लावला नाही. १९०८ साली नोबेल मिळालं.

राहता राहिल्या गोळ्या. घरातल्या फळीवर गेल्या वर्षीच्या दोन कुठल्या तरी असतातच. शेजारच्या काकींनी त्या मला दिल्या, "आमच्या ह्यांका लागू पडलेल्यो." काकांची दाढ दुखत होती, काकी! लावणीच्या दिवसांत आरोग्यसेविका चिखल तुडवत घरोघर येते, लेप्टो तापाचा जंतू उघड्या जखमेतून शिरतो म्हणून घसा फोडून सांगते, गोळ्या हातात ठेवून जाते. त्या तुम्ही त्याच फळीवर टाकता आणि भेगाळलेल्या पायांनी उंदरांनी मुतलेल्या पाण्यात उतरता. साखर तीनशेवर गेलेली माणसं वाटीभर खीर खाऊन अनवाणी फिरतात. साखर वाढली की याच लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जखम चिघळते, बोट जातं. मग म्हणायचं, कोणाची तरी नजर लागली.

नजर नाही लागली. हात लागला, न धुतलेला. काटा गेला तर पाय साबणाने धुवा, स्वच्छ कपडा बांधा, सुजला तर डॉक्टर गाठा आणि तोवर त्या टाचेला कोणालाही बोट लावू देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही.

आणि भाऊ, तुमची टाचणी इथेच पडवीत राहिली आहे. घेऊन जा. चहा मिळणार नाही.