तेच ते पन्नास लोक

दुपारी आमच्या चळवळवाल्यांच्या मेळाव्याचे फोटो टाकले तर खाली कॉलेजच्या एका मित्राची कमेंट, "तेच ते पन्नास लोक, तीच ती गाणी, यातून होतं काय?" तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. कमेंटमध्ये मावणार नाही म्हणून इथे लिहितेय.

आज पुण्यात सगळे एका हॉलमध्ये होतो, मुळा-मुठा नदी वाचवणारे, वेताळ टेकडी वाचवणारे, अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते, घरकामगार बायका, कचरावेचक, वस्त्यांमध्ये सलोख्याचं काम करणारी पोरं. एरवी एकमेकांना भेटायला कुणाला वेळ असतो रे? कुणाची कोर्टात तारीख, कुणाची महापालिकेत सुनावणी, ज्याची त्याची लढाई चालूच.

मी पहिल्यांदा अशा मेळाव्याला गेले ते २०१८ ला, प्लास्टिकबंदी नुकतीच आली होती. एक सर पर्यावरणावर बोलत होते, चांगलं बोलत होते, तेवढ्यात मागून एक कचरावेचक मावशी उठल्या आणि पिशवीतनं तीन वस्तू काढून टेबलावर मांडल्या. पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, चिप्सचं पाकीट. म्हणाल्या, बाटली विकली जाते, पिशवी पण विकली जाते, आणि हे? पाकीट फाडून आतली चंदेरी बाजू दाखवली. "हे भंगारवाला हातात पण धरत नाही. उचलायचं आम्ही, वाहायचं फुकट, आणि बनवणाऱ्याला कुणी विचारत नाही."

पर्यावरण आणि न्याय यांची गाठ कुठे पडते ते मला त्या पाकिटानं शिकवलं. १९९३ ला बाबा आढावांच्या सोबतीनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, २००८ पासून याच बायका 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेमधून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करतात, तुझ्याही सोसायटीत येत असतील. हे काय आपोआप झालं? बायका एकत्र बसल्या, बोलल्या, भांडल्या, तेव्हा झालं.

आणि २० ऑगस्ट २०१३ विसरलास? ओंकारेश्वर पुलावर अंनिसच्या नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या त्या दिवशी तूच मला फोन केला होतास, तुला बोलता येत नव्हतं. वर्षानुवर्षं रखडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम आठवड्याच्या आत निघाला, डिसेंबरात कायदा झाला. त्या दिवसांत रस्त्यावर कोण होतं? हेच पन्नास लोक पण होते. ते एकमेकांना आधीपासून ओळखत होते म्हणून एका फोनवर जमले.

भाषणं लांबतात, तरुण कमी असतात, बरं, मान्य.

पण माझा राग आज नुसता तुझ्यावर नाहीये. त्या मावशी आज परत आल्या होत्या, सकाळचा राऊंड आटपून, आणि यादीत त्यांचं नाव सगळ्यात शेवटी. दीड वाजला, अर्धी माणसं ताटं घेऊन उठलेली, आणि त्यांनी माईक धरला तोच सूत्रसंचालकाची चिठ्ठी, 'दोन मिनिटांत आवरा'. दोन मिनिटं! त्याआधी एका वक्त्यानं पाऊण तास समता या विषयावर घेतला होता. मावशी एवढंच बोलल्या की पोत्यात आता बाटल्या कमी आणि पाकिटं जास्त येतात, आणि बसल्या. पाकिटाची गोष्ट आजही त्यांच्याशिवाय कुणी काढली नव्हती. आपणच असं वागायला लागलो तर बिल्डरला आणि सरकारला कुठल्या तोंडानं बोलायचं?

ताटं धुताना आयोजकांशी भांडले. ते चिडले नाहीत, उलट गप्प ऐकून घेतलं, आणि पुढच्या वेळी सुरुवात मावशींनी करायची असं ठरलं. जेवताना टेकडीवाली दोन कॉलेजची पोरं त्यांच्याशेजारी जाऊन बसली होती, काय काय विचारत होती, मावशी हसत होत्या. ते बघून बराचसा राग उतरला माझा, खरं सांगते.

तर तू पुढच्या वेळी ये. लेकीला पण आण. ताट-वाटी घरून आणायची, आमच्याकडे कागदी प्लेट नसतात. आणि मावशींना आणि त्यांच्या सोबतच्या बायकांना वस्तीतून आणायला गाडी लागते, दर वेळी रिक्षाचे पैसे गोळा करत बसतो आम्ही. तुझ्या गाडीत सात जणं बसतात ना? तारीख ठरली की फोन करते, नाही म्हणू नकोस.