‘नेहमीची सिरिंज बसत नाही’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सिस्टर,

आमच्या फीडिंग बॅग आणि सेटला, म्हणजे नळीवाटे पोटात पातळ अन्न (फीड) सोडायच्या पिशवीला आणि तिच्या नळीला, आपण दोन स्टार दिलेत. आपलं म्हणणं थोडक्यात असं: सेटच्या टोकाला वॉर्डातली नेहमीची सिरिंज बसत नाही. फीड वाळलं की झाकण चिकटतं, मग आर्टरी फोर्सेप (दात्यांचा धातूचा चिमटा) लावून उघडावं लागतं आणि त्यात एक झाकण तडकलं. लहान डोस देताना औषध खाचेत राहतं. आणि एवढं असून बॉक्समध्ये साधा ॲडॅप्टरसुद्धा नाही. ‘जुना जोड सगळीकडे बसायचा, तोच बरा होता,’ असं आपण शेवटी लिहिलंय. आधी त्याबद्दल बोलतो, कारण बाकीच्या तक्रारींवर तोडगा आहे, पण या मुद्द्यावर आम्ही मागे हटणार नाही.

तो जुना जोड म्हणजे लूअर. सिरिंजला सुई घट्ट बसावी म्हणून एकोणिसाव्या शतकात निघालेला, ६ टक्के उताराचा निमुळता शंकू. करायला सोपा आणि गळत नाही, म्हणून तो सिरिंजपुरता राहिलाच नाही. सलाईन, एपिड्युरल (पाठीच्या कण्याजवळ औषध सोडायची नळी), पोटात जाणारी नळी, बीपीच्या पट्ट्याची हवेची नळी, जिथे तिथे तोच आला. सगळीकडे बसतो हाच त्याचा दोष आहे. पोटात जायचं दूध शिरेत गेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत १९७२पासून आहे. फीडमधली चरबी आणि कण फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, शिवाय फीड निर्जंतुक नसतं. अशा चुकांत माणसं दगावली आहेत, लहान बाळंही. आणि या चुका निष्काळजी माणसांच्या हातून झाल्या असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पहाटे तीन वाजता, मंद दिव्यात, पांघरुणाखालून एकाच रुग्णाच्या चार-पाच नळ्या बाहेर आलेल्या असतात. पेशंटला कुशीवर वळवताना त्यातली एक सुटते. हाताला जे टोक लागतं ते जोडलं जातं, आणि ते व्यवस्थित बसलं तर आपण चुकलोय हे कळायला काही मार्गच उरत नाही.

जोडांना वेगळा रंग दिला तर तो पुरेसा नाही का, असंही आपण विचारलंय. रंगाची मदत होते आणि आम्ही तो देतोच. पण एका कंपनीचा जांभळा असतो, दुसरीचा केशरी. अंधारात दोन्ही सारखेच दिसतात. रंग फक्त सूचना देतो, हाताला अडवत नाही.

म्हणून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ८०३६९ ही मानकांची मालिका आली. त्यातला तिसरा भाग पोटात जाणाऱ्या नळ्यांसाठी आहे, तो २०१६ साली निघाला. व्यवहारात त्या जोडाला एनफिट म्हणतात. नेहमीच्या सिरिंजला पुढे नोक असते. एनफिट सिरिंजला तिथे खोबण आणि आटे असतात, नोक नळीच्या बाजूला गेलेली असते. त्यामुळे त्या सिरिंजला सुई लागत नाही आणि सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) तोंडावर ती बसत नाही. नुसतं माप बदलून मात्र भागत नाही. मऊ प्लास्टिक जोर लावला की भलत्या मापातही शिरतं. म्हणून जोडाच्या प्लास्टिकचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठरपणाचं माप) ७०० मेगापास्कलपेक्षा जास्त असावा, अशी मानकाची अट आहे. आपल्याला आमचं टोक ‘दगडासारखं’ लागलं त्याचं कारण हे.

बॅगेच्या तोंडाचंही तसंच आहे, आणि तिकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. नळीचं टोक सुरक्षित केलं, पण फीडच्या बॅगेत सलाईनचा आयव्ही सेट खुपसता आला, तर सगळं मुसळ केरात. त्या सेटचं खालचं टोक शिरेतच जाणार. बॅग-बाटल्यांच्या जोडांसाठी आयएसओ १८२५० ही वेगळी मालिका आहे. आमच्या सेटचा स्पाइक, म्हणजे बॅगेत खुपसायचं टोक, गोल नसून अधिकच्या चिन्हासारखा आहे, तो सलाईनच्या बॅगेत जात नाही. याच मालिकेचा आठवा भाग रक्तघटक वेगळे करणाऱ्या मशीनवरच्या सायट्रेटसाठी, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या द्रावासाठी, आहे. तिथे सायट्रेटची आणि सलाईनची बॅग शेजारी शेजारी टांगलेली असते. अदलाबदल झाली तर सायट्रेट भराभर दात्याच्या अंगात जातं, रक्तातलं मोकळं कॅल्शियम उतरतं, ओठांना मुंग्या येतात, आणि वेळीच थांबवलं नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून सायट्रेटला जोडच वेगळा दिला.

आता ॲडॅप्टर. रुग्णाला आधीच जुन्या पद्धतीची, फनेलच्या तोंडाची नळी घातलेली असेल, तर त्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचा तात्पुरता कनेक्टर मिळतो. तो आमच्याकडेही आहे, मागणी नोंदवताना सांगा, नळी बदलेपर्यंत तो वापरा. लूअरला जोडणारा ॲडॅप्टर मात्र आम्ही बनवत नाही आणि बनवणार नाही. तो एक तुकडा ट्रेमध्ये आला की वर लिहिलेली सगळी मेहनत वाया गेली. आणि तो फक्त गरजेपुरता वापरला जाईल असं कोणत्याही वॉर्डात होत नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाहेरून आणलेला तसा ॲडॅप्टर आपल्याकडे असेल तर कृपया आजच काढून टाका.

झाकणाचं दुखणं मात्र खरं आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. वापरायला जड जाणाऱ्या जोडावर माणसं जुगाड शोधतात आणि सुरक्षितता तिथेच संपते. पण झाकण सैल केलं तर पेशंट वळला की ते निघून येतं आणि पोटातलं सगळं गादीवर. म्हणून आम्ही पकड कमी न करता झाकणाला रुंद कान दिले आहेत. ओले हातमोजे घालून ते फिरवता येतं की नाही, हे प्रत्येक नव्या साच्यावर तपासतो. हे सगळं आट्यांत फीड नसेल तर चालतं. आट्यांत वाळलेलं फीड सरसासारखं धरतं.

त्यासाठी सेट भरताना फीड अगदी टोकापर्यंत आणू नका, थोडं आधी थांबवा. टोकाशी आलं की जोडताना ते बाहेरच्या खाचेत उतरतं. फीड संपल्यावर नेहमीसारखं पाणी सोडा, खाच ओल्या गॉजने पुसा, दिवसातून एकदा मऊ टूथब्रशने पाणी लावून घासा. झाकण हाताने टेकेपर्यंतच फिरवा. तरीही चिकटलं तर कोमट पाण्यात भिजवलेला गॉज थोडा वेळ गुंडाळून ठेवा, मग एका हाताने जोडाची मान धरून दुसऱ्याने झाकण फिरवा. मऊ नळी धरून पिळू नका. आर्टरी फोर्सेप तर नकोच. कडक प्लास्टिक त्याच्या दातांखाली तडकतं, तो तडा डोळ्याला दिसत नाही आणि गळती रात्री सुरू होते. स्पिरिटचा बोळाही इथे टाळा. काही कडक प्लास्टिकांना, विशेषतः पॉलिकार्बोनेटला, ताण असताना अल्कोहोल लागलं की बारीक भेगा पडतात.

लहान डोसची शंका रास्त आहे, नवजात बाळांच्या विभागात तर फारच. नळीच्या तोंडाच्या खाचेत औषध साचलं तर डोसचा हिशोब चुकतो. त्यासाठी एनफिटमध्येच लो डोस टिपची वेगळी सिरिंज येते. ती वापरा, आणि जोडण्याआधी टोकाबाहेर आलेला थेंब झटकून टाका.

तडकलेलं झाकण आपण फेकून दिलं नसेल तर पिशवीत बंद करून ठेवा. बॅगेच्या कडेवर लॉट नंबर छापलेला असतो, तो आम्हाला मेसेजमध्ये पाठवा. झाकण आम्ही मागवून घेऊ, त्याच लॉटमधली इथे ठेवलेली झाकणं तपासू आणि जे निघेल ते याच उत्तराखाली लिहू. तोवर त्या लॉटमधले सेट बाजूला ठेवा, बदली सेट आम्ही पाठवतो.