म्वीलरेवर पायवाट नको

आयर्लंडमधल्या म्वीलरे डोंगराला पायवाट नाही, आणि ती कधीच होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

हे लिहायचं कारण म्हणजे आयर्लंडमधल्या आपल्या मराठी ट्रेकर मंडळींमध्ये हल्ली वारंवार ऐकू येणारी तक्रार. इतका देखणा डोंगर, आणि साधा बाण नाही, दगडावर रंगाची खूण नाही, पायऱ्या नाहीत, पाटी नाही. काहीतरी सोय व्हायला हवी. तक्रार करणारे आपलेच लोक आहेत, डोंगरावर प्रेम करणारे आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे. तरीही मी त्यांच्या पूर्ण विरोधात आहे.

ज्यांनी म्वीलरे पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मेयो काउंटीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात किलरी हार्बर ही चिंचोळी खाडी सुमारे १६ किलोमीटर आत घुसते. तिच्या उत्तर तीरावर, अटलांटिकच्या अगदी तोंडाशी हा डोंगर उभा आहे. उंची ८१४ मीटर, कॉनॉक्ट प्रांतातलं सर्वांत उंच शिखर. आकडा ऐकून आपल्याकडचे लोक म्हणतात, कळसूबाईच्या जेमतेम निम्मा! पण कळसूबाई चढायला सुरुवात होते बारीतून, आणि बारी मुळातच उंचावर वसलेलं गाव आहे. इथे पहिलं पाऊल पडतं तेव्हा समुद्र शेजारी असतो. सगळीच्या सगळी उंची स्वतःच्या पायांनी मिळवायची.

पश्चिमेला सिल्व्हर स्ट्रँडच्या वाळूकडून येणारी बाजू त्यातल्या त्यात सौम्य आहे. खरा म्वीलरे दिसतो तो पूर्वेकडून, डूलॉ तलावाच्या काठावरून. हिमनद्यांनी कोरून काढलेला प्रचंड कातळी खळगा, त्याच्या मागे काळी कुळकुळीत भिंत, आणि त्या भिंतीवर तिरकी चढत गेलेली गवताळ पट्टी. इथले लोक तिला रॅम्प म्हणतात. खालून पाहिलं तर तिथून माणूस जाऊ शकेल यावर विश्वास बसत नाही. जवळ गेल्यावर ती हळूहळू उलगडत जाते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पोकळी, पायाखाली ओलं गवत आणि सुटे दगड. वर धारेला लागलात की एका अंगाला बेन लगमोर, दुसऱ्या अंगाला बेन बरी, आणि त्याच्यापलीकडे मुख्य शिखर. आकाश मोकळं असेल तर क्लेअर आयलंड, इनिशटर्क, दक्षिणेला कॉनेमाराचे ट्वेल्व्ह बेन्स, ईशान्येला क्रो पॅट्रिकचा सुळका, सगळं एका नजरेत येतं. सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. हा वालुकाश्म आणि त्यात मधूनमधून सापडणारे ज्वालामुखीच्या राखेचे थर सेहेचाळीस कोटी वर्षांच्या आसपासचे. त्या कातळावर हात ठेवला की मला दर वेळी भरून येतं.

आता धुक्याचं बोलू, कारण म्वीलरेवर धुकं हा नियम आहे. समुद्रावरून येणारा ढग पहिल्यांदा याच डोंगराला अडतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. महाबळेश्वरला याच्या दुपटीहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. इथे तो बारा महिने पुरवून पुरवून पडतो. दहा मिनिटांत ढग उतरला की धारेवरून परत फिरताना रॅम्पचं वरचं टोक शोधणं हे भल्याभल्यांना जड जातं, आणि शंभर पावलं इकडेतिकडे झाली तर खाली कडा. लोक म्हणतात, म्हणूनच खुणा करा ना! मला वाटतं, खुणा केल्या तर नेमके तेच लोक वर येतील ज्यांचा सगळा भरवसा खुणांवर आहे. ढगात पुढचा बाण दिसत नाही तेव्हा ते काय करतील? होकायंत्र त्यांच्याकडे नसेल, कारण बाण आहेत म्हटल्यावर ते कोण आणणार? फोनवरचा ठिपका पावसात भिजलेल्या बोटांनी आणि थंडीने मान टाकलेल्या बॅटरीवर किती वेळ टिकतो हे ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण पायाखालच्या जमिनीचं. म्वीलरेच्या उतारांवर मैलोन्मैल बॉग पसरलेला आहे. हजारो वर्षं न कुजता साचत गेलेल्या शेवाळाचा आणि गवताचा हा थर, नव्वद टक्के पाणीच. तो वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे तुमच्या बुटाने गुडघाभर खोल केलेला खड्डा भरायला शेकडो वर्षं. जूनमध्ये इथे कापसासारखे पांढरे तुरे डोलतात, आणि वाकून पाहिलंत तर कीटक खाणारी इवलीशी लाल दवबिंदू वनस्पती दिसते, आपल्या कासच्या पठारावर तिच्या बहिणी आहेत. म्वीलरे, शेफ्री आणि एरिफ खोरं मिळून हा सगळा पट्टा युरोपीय कायद्याने संरक्षित आहे. एकाच रेषेतून माणसं चालायला लागली की बॉग फाटतो, मग लोक चिखल टाळायला कडेने चालतात, आणि एका पावलाची वाट बघता बघता वीस पावलं रुंद होते.

यावर कुणी म्हणेल, मग लाकडी फळ्यांचा मार्ग करा, बॉग वाचेल. कुल्काख डोंगराचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. फर्मानाह आणि कॅव्हनच्या सीमेवरच्या या डोंगरावर २०१५ मध्ये बॉग वाचवण्यासाठीच फळ्यांचा मार्ग आणि वरपर्यंत पायऱ्या बांधल्या. हेतू अगदी योग्य होता. पण त्या पायऱ्यांचे फोटो इंटरनेटवर फिरले, आणि जिथे वर्षाला काही हजार लोक येत तिथे पन्नास हजारांहून जास्त यायला लागले. फळ्या संपतात तिथून पुढे माथ्यावर काय होणार हे ओघानं आलंच. मार्ग केला की गर्दी येते, आणि गर्दीची भूक मार्गाच्या टोकाशी थांबत नाही.

क्रो पॅट्रिकची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि हे मी मुद्दाम सांगते आहे. म्वीलरेवरून दिसणारा तो ७६४ मीटरचा सुळका शतकानुशतकं तीर्थयात्रेचा डोंगर आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही जण अनवाणी. संत पॅट्रिकने तिथे चाळीस दिवस उपवास केला अशी श्रद्धा आहे, आणि त्याच्याही आधीपासून लोक सुगीच्या सुरुवातीला तिथे जात असावेत असं अभ्यासक मानतात. आपल्याला हे कुणी समजावून सांगायला नको. वारी पाहिलेल्या माणसाला ते पाय बघून कळतं. तिथे घसाऱ्याचा उतार इतका उखडला होता की दुरूनही पांढरा ओरखडा दिसे. अलीकडच्या वर्षांत डोंगरावरचाच दगड वापरून, हाताने रचून, तिथे वाट बांधली. ते काम फार सुंदर झालं आहे आणि माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. तिथे गर्दी आधी होती, श्रद्धेची होती, ती हटणार नव्हती. म्वीलरेवर ती गर्दी नाही. नसलेली गर्दी बोलावण्यासाठी वाट बांधायची, याला माझा विरोध आहे.

आणि मग डूलॉची दरी आहे. म्वीलरेला पूर्वेकडून जायचं तर याच दरीतून जावं लागतं, आणि तिथे गाडी न थांबवता पुढे गेलात तर माझ्या मते तुम्ही हा डोंगर अर्धाच पाहिलात. १८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत या बेटावर सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथीने गेली. ३० मार्च १८४९ ला लुइसबर्ग गावात शेकडो भुकेली माणसं जमली होती, सरकारी मदत चालू राहावी म्हणून तपासणी करून घ्यायला. तपासणी करणारे अधिकारी पुढे निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी या दरीतल्या डेल्फी लॉज या बंगल्यावर हजर व्हा, असा निरोप. वीसेक किलोमीटर, थंडीपावसात, अंगावर धड कपडे नसलेली माणसं याच तलावाच्या काठाने चालत गेली. वाटेत कित्येक जण मेले. नेमके किती यावर आजही एकमत नाही.

रस्त्याच्या कडेला त्यांच्यासाठी एक साधा दगडी क्रूस उभा आहे, आणि त्यावर गांधीजींचं वाक्य कोरलेलं आहे: आपल्यासारख्याच माणसांना अपमानित करून माणसाला स्वतःचा सन्मान झाल्यासारखं कसं वाटू शकतं? पश्चिम आयर्लंडच्या एका निर्जन दरीत बापूंचं नाव वाचताना माझे पाय तिथून हलले नाहीत. किलरीच्या उतारांवर अजूनही समांतर वरंबे दिसतात, तिरप्या उन्हात तर फारच स्पष्ट. तिथे माणसांनी फावड्याने वाफे करून बटाटा लावला होता. त्यांतले अनेक वाफे त्यानंतर कुणी कसलेच नाहीत. पाट्या आणि बाण बघत चालणाऱ्याची नजर त्या वरंब्यांवर जाईल का, मला शंका आहे. जमीन वाचत चालणाऱ्याची जाते.

इथल्या मेंढपाळांबद्दलही बोललं पाहिजे. आयर्लंडमध्ये डोंगरावर वाटेल तिथे फिरण्याचा कायदेशीर हक्क नाही. डोंगर बहुतेक खाजगी मालकीचे किंवा अनेक शेतकऱ्यांच्या सामाईक मालकीचे आहेत. आपण वर जातो ते त्यांच्या सौजन्यावर. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मेंढीमागे मिळणाऱ्या अनुदानामुळे या भागातल्या डोंगरांवर चराई बेसुमार वाढली आणि उतार उघडे पडले; मग मेंढ्या कमी करायला लावल्या गेल्या, आणि ती झळ याच शेतकऱ्यांनी सोसली. ज्यांना डोंगरासाठी कळप कमी करायला सांगितलं, त्यांच्याच जमिनीवर आपल्यासाठी पायऱ्या बांधा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

जायचं असेल त्यांनी जरूर जा. सरकारी नकाशा खात्याचा (पूर्वीचं ऑर्डनन्स सर्व्हे) डिस्कव्हरी मालिकेतला ३७ क्रमांकाचा नकाशा आणि होकायंत्र घ्या, आणि दोन्ही वापरायला आधी शिका. कुत्रा नेऊ नका, विशेषतः वसंतात, मेंढ्यांना कोकरं होतात तेव्हा. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा, आणि गाडी शेताच्या तोंडाशी लावू नका. आदल्या रात्री जोरदार पाऊस झाला असेल तर पायथ्याचे ओढे फुगलेले असतात, तेव्हा डूलॉकडून निघूच नका. अडकलात तर ११२ वर फोन करून माउंटन रेस्क्यू मागा. येणारी माणसं स्वयंसेवक आहेत, आपापली कामं टाकून येतात.

नकाशा वाचायला शिकायचं असेल त्यांनी खाली लिहा. विकलोच्या सोप्या टेकड्यांवर मी सोबत येईन, मुद्दाम ढगाळ दिवस निवडू. नकाशे माझ्याकडे आहेत, होकायंत्र ज्याचं त्याने आणा.