खासबागेत आधी कुस्त्या लावा, रंगरंगोटी नंतर

२०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि अख्खं कोल्हापूर हळहळलं. साहजिकच होतं, दुसऱ्याच दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती. पण त्याच आगीची झळ शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या व्यासपीठालाही बसली, हे आज किती जणांच्या लक्षात आहे?

खरं तर मान खासबागेचा पहिला. शाहू महाराज १९०२ साली एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. तसं आखाड्याचं मैदान त्यांनी करवीरात बांधून घेतलं. १९१२ ला ते खुलं झालं, तेव्हा गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन ही जोड लागली होती. नाट्यगृह त्यानंतरचं, १९१५ चं. खासबागेत मधोमध हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, भोवती गोल उतरती बैठक. पार मागं बसलेल्यालाही पुढच्याचा फेटा आडवा येत नाही. पट काढला की घिस्सा मारला, कुठलाही डाव असो, सगळ्यांना दिसतं. शंभर वर्षांपूर्वीची ही अक्कल आपल्या नव्या स्टेडियमांत का दिसत नाही, देव जाणे.

आता खासबागेचा विषय निघाला की बोलणं सुशोभीकरणावरच येतं. दिवे, कमान, फरशी. अहो, हौद्यातल्या लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती रोज उकरावी लागते. पैलवान उतरले नाहीत की ती दगडासारखी होते. तिथं कमान काय करणार?

पलीकडं शाहू स्टेडियम बघा. पाटाकडील आणि खंडोबाची फुटबॉल मॅच असली की पेठाच्या पेठा तिकडं लोटतात. गंमत म्हणजे हे संघ तालमींचेच! पोरं फुटबॉलकडं वळली, कारण हंगामात सारख्या स्पर्धा असतात, नाव व्हायची संधी मिळते. खासबागेत पोरानं वाट किती बघायची?

माझं म्हणणं साधं आहे. दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत महिन्यातला एक रविवार खासबागेचा. लाखालाखाच्या जोडी नकोत. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी तालमींतली नवी पोरं, शाळकरी वजनगट, मुरगूडकडच्या मुली. हलगी हवीच. आणि शेवटची कुस्ती निकाली, बरोबरीत सोडवायची नाही.

'आता पदकं मॅटवर मिळतात, मातीचं काय घेऊन बसलाय,' असं कुणी म्हणेलच. बरोबर आहे, मॅटचा सराव पाहिजेच. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं ते मॅटवर, पण अंग घडलं होतं मातीत. सकाळी मॅट अंथरा, संध्याकाळी गुंडाळा. भांडण कशाला?

पहिल्या रविवारी शाळकरी गटातल्या एका जोडीचं इनाम माझ्याकडून, हजार रुपये आणि फेटा. पुढच्या जोडीचं कोण देतंय? कमेंटमध्ये नाव आणि पेठ लिहा. यादी झाली की वस्तादांना भेटायला जाऊ.