आधी बर्फ वितळवा, मग स्पॉन्सर व्हा!

ऑलिंपिकच्या मैदानात जाहिरातीचा एक बोर्ड लावू देत नाहीत. पावित्र्य जपायचं असतं म्हणे. मग २०२६ च्या मिलान-कॉर्टिना हिवाळी ऑलिंपिकच्या प्रायोजकांची यादी उघडून बघा. 'प्रीमियम पार्टनर' कोण? तर एनी! इटलीची तेल आणि गॅसची कंपनी, जिची सुमारे ३० टक्के मालकी खुद्द इटलीच्या सरकारकडे आहे. अरे, ज्या खेळांचा सगळा जीव थंडीत अडकलाय, त्यांना पोसायला तुम्हाला तेलवालेच सापडले?

कहर म्हणजे मशाल. तिच्यातला गॅससुद्धा एनीचाच. बायो-एलपीजी, वापरलेलं खाद्यतेल वगैरे कचऱ्यापासून बनवलेला. म्हणजे वडे तळून उरलेल्या तेलावर ज्योत पेटवून जगभर मिरवायचं, आणि मागे तेलविहिरींचा उपसा चालूच. करून करून भागले आणि देवपूजेला लागले म्हणतात ना? हे तर भागलेलेही नाहीत, नुसतेच पूजेला बसलेत.

आणि बर्फ? तो मशीनचा. २०२२ च्या बीजिंगमध्ये जवळजवळ सगळाच कृत्रिम होता. २०२६ साठी इटलीत सुमारे २४ लाख घनमीटर बनवायचा बेत होता. स्पर्धेचं एक ठिकाण असलेल्या लिविन्योला त्यासाठी उंचावर २० कोटी लिटरचा तलाव बांधला. गारठ्याची वाट बघायची, ते पाणी पंपानं ओढायचं, दाबाच्या हवेनं फवारून त्याचा बर्फ करायचा, आणि टीव्हीवर सगळं कसं छान पांढरंशुभ्र! कॉर्टिना ज्या डोलोमाइट्सच्या डोंगररांगेत आहे, तिथेच जुलै २०२२ मध्ये मार्मोलादाच्या हिमनदीचा कडा कोसळला, ११ माणसं गेली. ते कुठल्या जाहिरातीत येणार?

बोललं की ठरलेलं उत्तर येतं, "खेळांना पैसा लागतो हो." लागतो ना. सिगारेटवाल्यांचाही लागायचा. सचिनच्या जर्सीवर विल्स होतं, १९९६ चा वर्ल्ड कपच विल्सचा होता. आम्ही पोरंटोरं ते नाव कौतुकानं वहीवर काढायचो. सिगारेट गेली, क्रिकेट काय बंद पडलं? (वेलचीच्या नावाखाली गुटखेवाले मागच्या दारानं आलेच, तो संताप वेगळा.) खुद्द ऑलिंपिक समितीनं १९८८ मध्ये तंबाखूला दार बंद केलं होतं. म्हणजे करता येतं. करायचं नाहीये!

बरं, यांना कळत नाही असंही नाही. २०४० पर्यंत बर्फावरचे खेळ भरवू शकतील असे जेमतेम दहा देश उरतील, हे २०२३ मध्ये याच समितीनं सांगितलं. नॉर्वेचा स्कीअर निकोलाय शिर्मर हजारो सह्या गोळा करून तेल कंपन्यांचे पैसे थांबवा म्हणून सांगतोय. ज्यांचे पाय बर्फावर आहेत त्यांना दिसतंय, खुर्चीवाल्यांना दिसत नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळं? २०२५ मध्ये गुलमर्गला 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा बर्फच नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. वर्षभर घासून तयारी केलेल्या पोरांनी करायचं काय, आभाळाकडे बघत बसायचं?

आणि उपदेश कुणाला? आपल्याला. एसी चोवीसवर ठेवा, दिवे बंद करा, पिशवी घरून न्या. ठेवतो हो, करतो हो, नेतोच आहे!