स्ट्रोकचे रुग्ण खोऱ्याने, मग ट्रायल का रखडते?

‘भारतात स्ट्रोकचे रुग्ण खोऱ्याने मिळतात, ट्रायल रखडते ती इथल्या डॉक्टरांच्या आळसाने. नातेवाइकाची सही घ्या, इंजेक्शन द्या, तीन महिन्यांनी फोन करा, एवढंच तर काम!’ असा मजकूर नव्या उपचारांच्या चाचण्यांबद्दल, म्हणजे ट्रायलबद्दल, फिरतोय. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

खोऱ्याने मिळतात, पण वेळेत नाही. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासांची मर्यादा, आणि घड्याळ सुरू होतं ते रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. रात्री दहाला झोपलेल्याचा हात पहाटे पाचला उचलेना, तर सात तास संपलेले. वेळेत आलाच, तर रक्तदाब १८५/११० च्या खाली हवा. अल्टेप्लेज, म्हणजे तेच इंजेक्शन, वजनाच्या किलोमागे ०.९ मिग्रॅ, आडव्या रुग्णाचं वजन बहुधा नातेवाइकांच्या अंदाजाने. उलट ‘स्प्रिंट इंडिया’ या ट्रायलमध्ये (स्ट्रोक पुन्हा होऊ नये म्हणून रुग्णांना माहिती देण्याच्या) स्ट्रोकनंतर दोन दिवस ते तीन महिन्यांपर्यंत रुग्ण घेण्याची मुभा होती, तिथे ३१ केंद्रांनी ४,२९८ रुग्ण घेतलेच की! तेव्हा आळस कुठे गेला होता?

‘नुसती सही’ म्हणजे काय, तेही बघा. वाचा गेलेल्या रुग्णासाठी कायद्याने मान्य प्रतिनिधीच लागतो. उचलून आणणारा शेजारी चालत नाही. प्रतिनिधी निरक्षर असेल तर निष्पक्ष साक्षीदार हवा, तोही ट्रायलच्या टीमबाहेरचा. चुका होतात त्या बारीक: मराठी फॉर्मची जुनी आवृत्ती, सहीपुढची तारीख कोऑर्डिनेटरच्या हातची, संमतीची वेळ लिहिलीच नाही. रुग्ण सावरला की त्याची स्वतःची संमती वेगळी.

फोनचं तर विचारूच नका. नव्वदाव्या दिवशी मॉडिफाइड रँकिन स्केलवर, म्हणजे स्ट्रोकनंतरचं अपंगत्व मोजणाऱ्या पट्टीवर, ० (काहीच त्रास नाही) ते ६ (मृत्यू) असा गुण ठरतो आणि बहुतेकदा ट्रायलचा निकाल त्यावरच लागतो. ‘बाबा बरे आहेत’ याला गुण नाही. बाबा स्वतः चालतात, पण आंघोळ सून घालते. का? जमत नाही म्हणून, की घरचे करू देत नाहीत म्हणून? पहिलं असेल तर ३, दुसरं असेल तर २ किंवा त्याहून कमी. म्हणून ‘करतात का’ नाही, ‘एकटे असले तर करू शकतील का’ असं विचारायचं. विचारणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटात होता, नव्या उपचाराच्या की तुलनेच्या, हे ठाऊक नसावं. नातेवाईक मात्र बोलता बोलता ‘ते महागडं इंजेक्शन’ असा विषय काढतात आणि पडदा फाटतो, गट उघड होतो.

आणि रुग्ण दगावला तर २०१९ च्या नियमांनुसार औषध नियंत्रक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी (रुग्णांच्या हितावर देखरेख ठेवणारी समिती), तिघांना २४ तासांत कळवायचं. मृत्यू गावाकडे घरी झाला आणि समजला तोच नव्वदाव्या दिवसाच्या फोनवर, तर उशिराचं कारणही लेखी द्यावं लागतं.