म्हैस तुमची, धार कंपनीची

नेटवर्किंग शिकायला घरात जुन्या राउटर-स्विचची लॅब उभी करताय ना? उत्तम. मग पहिलं काम हे करा, की 'लायसन्स', म्हणजे पेटीतलं सॉफ्टवेअर वापरायचा परवाना, हा शब्द डोक्यातून काढून टाका. तो निघाला की बाजार एकदम स्वस्त वाटायला लागतो. एखाद्या कंपनीने ऑफिस गुंडाळताना काढलेला राउटर, रॅकमध्ये, म्हणजे लोखंडी मांडणीत, बसवायच्या कानांसकट, पाण्याच्या भावात. त्या किमतीत राजारामपुरीच्या दुकानात नवा वायफाय राउटर येतो, तोही प्लास्टिकचा. आणि हा कसा, उचलताना कमरेत कळ येईल असा दणकट.

माल बघायला गेलात की आपण कोल्हापूरकर तसे सावध. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर जुनं काहीही घेताना स्क्रूच्या खाचेत वाळका गाळ बसलाय का, हे नखाने खरवडून बघायची आपल्याला सवयच लागली आहे. ते जरूर बघा. पंखा फिरतो का, तेही बघा. पण तिथंच थांबा. 'ही पेटी जुन्या मालकाच्या खात्यातून सोडवलीय का?' असलं काही विचारून विक्रेत्याचा हिरमोड करू नका. तो बिचारा वजनावर माल उचलणारा माणूस.

"सायेब, चालू हाय की! लाइटी बघा, सगळ्या हिरव्यागार."

"लायसन्सचं काय?"

"लायसन्स? ती काय गाडी हाय व्हय?"

मुद्दा बिनतोड आहे. पैसे द्या आणि पेटी उचला.

खरं तर गाडी असती तर बरं झालं असतं, पण हे प्रकरण म्हशीचं आहे. समजा तुम्ही म्हैस घेतलीत, दावं हातात आलं, गंगावेशीच्या कट्ट्यावर नेऊन उभी केलीत, आणि आता कळतंय की धार काढायचा हक्क जुन्या मालकाच्या नावावर होता आणि तो म्हशीबरोबर येत नाही. राउटर-स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं धोरण साधारण हेच सांगतं: लोखंड खुशाल विका, पण आतल्या सॉफ्टवेअरचा परवाना मूळ ग्राहकापुरता, नव्या मालकाने नवा घ्यावा. सपोर्टचा करार हवा असेल तर पेटीची तपासणी करून घ्यायची, परवान्याचे पैसे वेगळे मोजायचे. हे सगळं कंपनीच्या कागदांत स्वच्छ लिहिलेलं आहे. तुम्ही ते वाचू नका म्हणजे झालं.

पेटी घरी आली की तिला लॅपटॉपशी जोडणारी फिकट निळी चपटी कन्सोल केबल लावा, पुट्टी नावाचा प्रोग्रॅम उघडा, ९६०० चा वेग ठेवा आणि मजा बघा. स्क्रीनवर सरसर ओळी उतरतात आणि शेवटी नाव झळकतं कुठल्याशा पतसंस्थेच्या शाखेचं. मॅनेजरच्या केबिनचं व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क), कॅमेऱ्यांचं व्हीलॅन, मुख्य कार्यालयाकडे इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित बोगद्याची (व्हीपीएनची) गुप्त किल्ली, सगळं जागच्या जागी. पुसायची तसदी कुणी घेतलेली नसते. म्हणजे जे तुमच्या हाती कधीच पडायला नको होतं, ते फुकटात मिळालं; आणि ज्यासाठी पेटी घेतलीत तो परवाना मात्र जुन्या मालकाच्या स्मार्ट अकाउंटात, म्हणजे सिस्कोकडच्या परवान्यांच्या खात्यात, सुखाने बसलाय. त्या अकाउंटचा पासवर्ड ज्या आयटीवाल्याकडे होता तो केव्हाच पुण्याला गेला. फोन करून बघा. पोरगं भलं असेल तर तुमची हकिकत ऐकून पोटभर हसेल तरी.

आता 'शो लायसन्स' ही आज्ञा देऊ नकाच. दिलीत, आणि पेटीत सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असली, तर 'इव्हॅल्युएशन', म्हणजे चाचणीपुरतं, असा शब्द दिसेल आणि ९० दिवसांची मुदत उलटी मोजली जात असेल. घाबरायचं कारण नाही, सिस्कोच्या कॅटलिस्ट मालिकेच्या नव्या पिढीतले स्विच मुदत संपली म्हणून लगेच मान टाकत नाहीत, लॉगमध्ये कुरकुरत राहतात. त्या कुरकुरीची सवय होते. संसारी माणसाला तर नवीन काहीच नाही.

वेगाचा घोळ मात्र जरा निवांत समजून घ्या, कारण तो खरा रंगतदार आहे. सिस्कोचा आयएसआर ४३३१ हा राउटर घ्या. देखणी पेटी. मूळ परवान्यावर ती १०० एमबीपीएस पुढे सरकवते, आणि तेही जाणारं-येणारं धरून. ३०० हवे असतील तर परफॉर्मन्स लायसन्स. त्यासाठी पेटीत नवा भाग बसत नाही, पंखा वाढत नाही, एक तारसुद्धा हलत नाही. आधीच आत असलेलं बळ मोकळं करायची किल्ली तेवढी विकत मिळते. म्हणजे घरी २०० चं फायबर घेतलंत आणि त्याच्या पुढ्यात एवढी भारदस्त पेटी बसवलीत, की नेट निम्म्याहून कमी. तरीही काढू नका. दिसायला ऐट आहे. ब्रोकेड कंपनीच्या आयसीएक्स ६६१० या स्विचचंही तसंच. पुढच्या बाजूला आठ पोर्ट, १० गिगाबिटची ताकद असलेले, आणि किल्लीशिवाय १ गिगाबिटवर चालणारे. किल्ल्या इंटरनेटवर कुठंतरी मिळतात म्हणे. तुम्ही विचाराल त्याआधीच सांगतो, त्याला चोरी म्हणतात. बाकी तुमची मर्जी.

अगदीच झटपट अनुभव हवा असेल तर सिस्कोच्याच मेराकी ब्रँडची पेटी घ्या. पांढरीशुभ्र, नाजूक, हॉलमध्ये टांगली तर पाहुणे विचारतील अशी. ती चालवायची तर कंपनीच्या क्लाउडवरच्या डॅशबोर्डात नोंदवावी लागते. जुन्या मालकाने आपल्या डॅशबोर्डातून सोडली नसेल तर तुमची नोंदच होत नाही. सोडली असेल तर लायसन्स विकत घ्या. ते संपलं की ३० दिवसांची सवलत आणि मग नेटवर्क बंद. पेटी धडधाकट, वीज चालू, दिवा लागलेला, आणि पलीकडे काही जात नाही. तोवर पॅकिंगचा खोका सांभाळून ठेवा, मांजराला आवडतो.

फायरवॉल घ्यायचा विचार असेल तर तो घ्याच. करार नसला की धोक्यांची यादी अपडेट होत नाही. पहारेकऱ्याला जुने चोर तेवढे ठाऊक. सुरक्षेचा अभ्यास करायला याहून वास्तव परिस्थिती कुठं मिळणार?

गल्लीतल्या कट्ट्यावर कुणीतरी कायद्याचा मुद्दा काढेलच. त्याला सांगा, युरोपियन न्यायालयाने २०१२ मध्ये युजडसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात ठरवलं, की पूर्ण पैसे घेऊन कायमचा दिलेला सॉफ्टवेअर परवाना पुढे विकता येतो. दोनच वर्षं आधी, २०१० मध्ये, अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्कमध्ये नेमका उलटा कौल दिला: कंपनीने 'हे विकलं नाही, वापरायला दिलंय' असं लिहून पुढे द्यायला बंदी घातली असेल, तर घेणारा मालक होत नाही. तेव्हा तुमची पेटी कुठल्या देशात उभी आहे यावर तुमची मालकी ठरते. ती उभी आहे शाहूपुरीत, जिन्याखाली. दोन्हीकडच्या न्यायाधीशांना पत्ता कळवून ठेवा.

आता काही गोष्टी चुकूनही करू नका, कारण त्यांत लॅबची सगळी गंमत जाते. विक्रेत्याकडून पैसे देण्याआधी सीरियल नंबर मागू नका. पेटी जुन्या खात्यातून सोडवल्याचं लेखी घेऊ नका. त्याच्यासमोर पेटी चालू करून 'शो व्हर्जन' या, पेटीची माहिती दाखवणाऱ्या आज्ञेचा फोटो काढू नका. सिस्कोचा जुना २९६० स्विच घेऊ नका. त्याचा परवाना कागदावर तितकाच कडक असला तरी तो कुठल्या सर्व्हरला विचारत बसत नाही, गुमान व्हीलॅन करतो. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरबोर्ड या राउटरच्या वाटेला तर जाऊच नका. त्यात राउटरओएसचा, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरचा, परवाना त्या पेटीलाच बांधलेला असतो, पेटी विकली की तोही जातो. म्हणजे फोन नाही, खातं नाही, पुण्याचा आयटीवाला नाही. रविवार घालवायचा कसा? राउटरवर चढवायच्या ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त सॉफ्टवेअरला परवाना कुणाला मागायचाच नसतो, त्यामुळे त्यात तर काही थरारच नाही.

आणि सिस्कोच शिकायचं असेल तर २०२४ पासून सीएमएलची (सिस्को मॉडेलिंग लॅब्ज, संगणकावर चालणारी आभासी लॅब) फुकट आवृत्ती आहे, एका वेळी ५ नोड, म्हणजे आभासी राउटर-स्विच, चालवता येतात, कंपनीनेच दिलेले, परवान्यासकट. पण तिच्या नादी लागू नका. ती लॅपटॉपमध्ये मावते, पंख्याचा आवाज करत नाही, आणि रात्री अकराला वरच्या मजल्यावरचे काका खाली येऊन "काय रं, पिठाची गिरण घातलीस व्हय घरात?" असं विचारत नाहीत.